चिखलात सगळ्यांचे पाय सारखे

आषाढात मावळातल्या बायकांची बैठक ठेवणारी मी एकटीच वेडी असेन. २०१४ सालची गोष्ट. तळेगावहून लोकलने कामशेत, तिथून जीपने पवनानगर, पुढे तिकोणा पेठ. भर पावसात बचत गटाची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी देवळात पोहोचले, तर देवळात एक म्हातारी आणि दोन कुत्री! "समद्या लावणीला गेल्यात ताई," म्हातारी म्हणाली, "आज कुनी गावायचं न्हाई."

आले तशी परत जायचं तरी कशाला? छत्री घेऊन मीच खाचरांकडे निघाले. समोर तिकोणा ढगात बुडालेला, खाली पवनेचं पाणी राखाडी झालेलं. पंधरा-वीस बायका कमरेत वाकून इंद्रायणीची रोपं खोचत होत्या. बांधावर बसून मी हप्त्यांची वसुली मांडायला लागले. वाकलेल्या बायका तिथूनच ओरडून सांगायच्या, "माझं पुढच्या म्हैन्यात घ्या वं!"

दुपारी भाकरीची वेळ झाली. सगळ्या जणी हसत-खिदळत ओढ्यावर हातपाय धुवायला गेल्या. एक पोरगी मात्र गेली नाही. असेल चौदा-पंधरा वर्षांची. पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले पाय तसेच घेऊन ती आंब्याखाली बसली. वर पाऊस होता. पावसाने पाय धुतले जाऊ नयेत म्हणून तिने ते घोंगडीखाली ओढून घेतले आणि मग भाकरी सोडली. हे मी पाहिलं आणि मला ते विचित्र वाटलं. तिच्या आईच्या लक्षात आलं असावं. मी न विचारताच ती म्हणाली, "तिला सर्दी होती वं, गार पान्यात पाय घालत न्हाई ती."

सकाळपासून गुडघाभर गार पाण्यात उभी असलेल्या मुलीबद्दल हे सांगत होती ती! मी काही बोलले नाही. पाहुण्याने काही गोष्टी विचारायच्या नसतात.

संध्याकाळी वहिनींनी (त्या मुलीच्या आईला मी वहिनीच म्हणते, आमचं वय एकच) मला चहाला घरी नेलं. चहा झाल्यावर दार लोटलं, कडी घातली आणि लेकीला हाक मारली. बादलीत पाय धुवायला लावले. चिखल उतरला तशी उजव्या घोट्यावर आणि दोन्ही पावलांवर पांढरीफेक चकंदळं दिसायला लागली. दुधाचे थेंब सांडावेत तशी.

"ताई, तुमी शिकल्याल्या. ह्यो महारोग तर न्हाई?"

दीड वर्ष तिने हा प्रश्न पोटात ठेवला होता. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मुलगी घरात मोजे घालून वावरायची, शाळेत मोजे, झोपताना मोजे. उन्हाळ्यात नदीवर जायची बंद झाली. गावात लग्न असलं की हिचं पोट दुखायचं. लावणीचे दिवस तेवढे तिच्या सुखाचे, कारण चिखलात सगळ्यांचेच पाय सारखे दिसतात. हे शेवटचं तिने स्वतः मला सांगितलं, पुष्कळ वर्षांनी.

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला काय आठवलं ते आधी सांगते, डॉक्टरी मग. मला आमची आत्या आठवली.

आमच्या माहेरी, जुन्नरला, माजघराच्या मागे एक कोठीची खोली होती. दारात कुणी परकं माणूस दिसलं की आत्या हातातलं काम टाकून त्या खोलीत जायची. तिच्या ओठांवर आणि हातांवर कोड होतं. आम्हा मुलांना शिकवून ठेवलेलं, "आत्या कुठंय विचारलं तर आळंदीला गेलीय म्हणायचं." मला वाटायचं, आमची आत्या किती भाविक! मोठी झाल्यावर कळलं की ती आळंदीला एकदाही गेलेली नव्हती. आजीच्या मते एवढ्या गर्दीत तिला नेणं बरं दिसलं नसतं.

मला पाहायला मंडळी आली तेव्हा आत्या आपणहून सकाळीच शेजारी जाऊन बसली. कुणी तिला जा म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही, इतकी ती तयार झाली होती. लग्नातही नव्हती. तिने माझ्यासाठी शिवलेली गोधडी मात्र रुखवतात होती, आणि ती कुणी शिवली असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "घरच्यांनीच."

माझ्या नवऱ्याने आत्याला पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर वर्षभराने. परत येताना एस.टी.त मी रडत रडत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, मग?" त्याच्या त्या दोन शब्दांनी मला हलकं वाटायला हवं होतं. मला राग आला. एवढ्याशा उत्तरासाठी माझ्या आत्याने आयुष्य त्या खोलीत काढलं? पण लगेच हेही सांगायला हवं, की सासूबाईंचं उत्तर 'बरं, मग' असं नव्हतं. माझी लेक जन्मली तेव्हा पाचव्या दिवशी त्यांनी तिला दिव्याखाली धरून नखशिखान्त पाहिलं. काखेत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत. काही बोलल्या नाहीत. मी पडल्या पडल्या पाहत होते. मीही तेच आधी रात्री पाहून घेतलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

हीच लेक पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. करायला लागली तेव्हा तिने एक कादंबरी घरी आणली. जॉन विंडम या इंग्रज लेखकाची 'द क्रिसलिड्स', १९५५ साली आलेली. मीही कला शाखेचीच, पण इंग्रजी वाचन सुटून जमाना झालेला. शब्दकोश मांडीवर घेऊन दुपारी दुपारी वाचली. गोष्ट भविष्यातली आहे. महाभयंकर अणुसंहारानंतर जग जळून गेलंय. उत्तरेला लॅब्रॅडॉरमध्ये जी काही माणसं उरलीत, ती शेती करून राहतात आणि एकाच गोष्टीला भितात. माणसाचा देह ठरलेल्या साच्याबाहेर जाता कामा नये. वेगळं पीक आलं तर जाळायचं, वेगळं वासरू जन्मलं तर मारायचं, आणि वेगळं मूल जन्मलं तर त्याला माणूस म्हणायचंच नाही. मूल जन्मलं की तपासनीस येणार, अंग तपासणार, तेव्हा कुठे दाखला मिळणार.

त्यात सोफी नावाची छोटी मुलगी आहे. तिच्या पायाला सहा-सहा बोटं आहेत, बस्स, एवढंच. आई-बाप तिला गावापासून दूर घेऊन राहतात, बुटाशिवाय घराबाहेर पडू देत नाहीत. आणि एक दिवस ओढ्याकाठी खेळताना दगडावर तिच्या ओल्या पावलाचा ठसा उमटतो, दुसऱ्या एका मुलाला दिसतो आणि त्या घराची वाताहत होते.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं. मला तिकोणा पेठेतला आंबा दिसला, घोंगडीखाली ओढलेले पाय दिसले. माझी पोरगी म्हणाली, "अगं आई, ही तर विज्ञानकथा आहे." असेल बाई.

त्याच पुस्तकात गोष्ट सांगणाऱ्या मुलाची एक मावशी येते. तिचं तान्हं बाळ कुठेतरी किंचित वेगळं आहे. बहिणीलाही नुकतंच बाळ झालंय. मावशी पदर पसरते, तुझं धड बाळ एक दिवस दे, तपासनिसाला दाखवते, दाखला मिळाला की परत आणून देते. बहीण तिला हाकलून देते. पुढे ती मावशी नदीत मेलेली सापडते. दाखल्यासाठी दुसरीचं मूल मागायला निघालेली आई मला परकी वाटली नाही. लपवण्याचं सगळं काम त्या गोष्टीतही आयाच करतात, आणि इथेही. मुलीच्या अंगावरचा डाग हा आईवरचा डाग असतो ना!

गंमत म्हणजे तिकोणा पेठेतच एक आजोबा होते, हाताला सहा बोटं असलेले. सहावं बोट म्हणजे भाग्याचं, असं समजून गावात पेरणीचं पहिलं बी त्यांच्या हातून टाकून घ्यायचे. म्हणजे सोफी आमच्या मावळात जन्मली असती तर तिला ओवाळलं असतं, आणि वहिनींची लेक त्या पुस्तकात जन्मली असती तर? कदाचित तिलाही हाकललं असतं, कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. कुठला वेगळेपणा देवाचा प्रसाद आणि कुठला कोप, हे कोण ठरवतं कोण जाणे. आपली भाषाही बघा ना, लाडकोड, कोडकौतुक म्हणताना आपण कोड शब्द किती प्रेमाने उच्चारतो. आणि त्वचेवरचं ते 'कोड' मात्र 'कुष्ठ' शब्दातून आलेलं. घोळ तिथूनच सुरू होतो. त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हणतात, आणि मग आया दीड-दीड वर्षं महारोगाच्या भीतीने झोपत नाहीत.

तर त्या संध्याकाळी मी काय केलं? मला डॉक्टरी येत नाही. पण कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात आशाताईंबरोबर फिरले होते, तेवढं शिकले होते. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, आणि त्यावर स्पर्श कळत नाही. मी वहिनींच्या लेकीला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात तिच्या पावलावर टेकवली. "हितं," ती म्हणाली. पुन्हा टेकवली. "हितं." प्रत्येक वेळी बोट बरोबर जागेवर. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी नीट तपासून तेच सांगितलं. हा कुष्ठरोग नव्हे.

आणि समजा असता तरी काय होतं, हे मला वहिनींना समजावायला फार वेळ लागला. १९८० च्या दशकापासून कुष्ठरोगावर दोन-तीन औषधांचा एकत्र उपचार आहे. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. ज्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्याआधी गांधीजींनी परचुरेशास्त्रींना सेवाग्राममध्ये शेजारी ठेवून स्वतःच्या हाताने मालिश केलं, तिथे अजून हा शब्द दार लावूनच बोलतात. कायद्यालाही जाग यायला केवढा उशीर! कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात २०१९ पर्यंत होतं. त्या वर्षी ते काढलं. बरा होणारा आजार, आणि काडीमोडाला कारण!

आता कोडाबद्दल. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. कोडात शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून त्या पेशींना शत्रू समजते, त्या मरतात आणि तेवढ्या जागेचा रंग जातो. ते स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवून पसरत नाही, कपड्यांतून पसरत नाही. काही घरांत एकापेक्षा जास्त जणांना असतं, पण बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणालाच नसतं. मासे खाऊन दूध प्यायल्याने होतं, हेही खोटं. पवनेच्या काठी हे सांगणं महाकठीण. वहिनींच्या सासूने नातीला दोन वर्षं ना मासा दिला ना दुधाचा घोट. वाढत्या वयाची मुलगी, हिमोग्लोबिन पाहिलं तर आठ! त्या डागांनी नव्हे, त्या पथ्याने मुलगी वाळत होती.

पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो चपलांचा. आम्ही बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, स्वस्त रबरी चपलांच्या पट्ट्याखाली काही जणींचा रंग जातो, टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. (हे मला नव्याने कळलं आणि घरी जाऊन मी माझं कपाळ आरशात निरखून पाहिलं, खोटं कशाला बोलू!) तसं असेल तर ती चप्पल, ती टिकली आधी बंद करायची. पण या मुलीला पट्ट्याच्या बाहेरही, घोट्यावर, नंतर कोपरावर डाग आलेले. म्हणजे कोडच. मलमं आहेत, विशिष्ट किरणांचा प्रकाशोपचार आहे, डाग वाढायचे थांबले असतील तर त्वचारोपणही करतात. २०२२ साली अमेरिकेत खास कोडासाठी म्हणून एका मलमाला मान्यता मिळाली. पण बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, की हात आणि पावलं यांवर रंग परत येणं अवघड असतं, चेहऱ्यावर लवकर येतो. खोटी आशा लावली नाही त्यांनी, म्हणून मला आवडल्या.

आठवड्यातून दोनदा प्रकाशोपचाराला तिकोणा पेठेतून पुण्याला जायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि दोघींचं गाडीभाडं. चार महिने गेल्या. मग सुगी आली, जाणं तुटलं. आणि मग व्हायचं तेच झालं. आठवडा बाजारात कुणी एक औषधवाला भेटला, एकवीस दिवसांत डाग घालवतो म्हणाला. त्याचा लेप लावून उन्हात बसायचं. बावचीचं बी कोडावर पूर्वीपासून वापरतात, ते प्रकाशाबरोबर काम करतं हेही खरं, पण मात्रा आणि ऊन यांचं गणित चुकलं तर कातडी भाजते. पोरीच्या दोन्ही पावलांवर लिंबाएवढे फोड आले. पंधरा दिवस चालता येईना. गावात काय सांगितलं? "पेज सांडली पायावर."

ही पेज पुढे फार उपयोगी पडली. आता मोजे काढले तरी चालत होते. जो विचारेल त्याला, "ल्हान असताना पेज सांडली." मीही ते चालवून घेतलं. खोटं बोलून का होईना, पोरगी मोकळ्या पायांनी फिरतेय ना, असं मी मनाला समजावलं.

२०१९ मध्ये तिला मुळशीकडचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात कायम, घरी तीन एकर भात. वहिनींनी मला फोन केला, "ताई, तुमी या. पन त्ये काय बोलू नका." मी गेले. पायांवर घोट्याच्या वरपर्यंत मेंदी काढलेली, कोपर झाकणारा ब्लाउज, भरगच्च पायघोळ साडी. पोरगी छान दिसत होती. पोहे दिले, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलाची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी सोशल वर्कर ना? मग पोरीची म्हायती तुमच्याकडनंच घ्यायला पायजे." सगळे हसले. मी म्हटलं, "मुलगी गुणी आहे." खरंच होतं ते. आणि तेवढंच बोलून मी पोह्यांची ताटली उचलली.

येताना जीपमध्ये मला आईचा आवाज ऐकू येत होता, "घरच्यांनीच."

मी गप्प बसले याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. माझा काय अधिकार? आईच नको म्हणतेय. आत्ताच सांगितलं तर स्थळ जाईल, नंतर कळलं तर माणसं सांभाळून घेतील. पण मी हेही पाहिलेलं होतं, की नंतर कळतं तेव्हा सांभाळून घेत नाहीत. आमच्या समुपदेशन केंद्रात अशा मुली आलेल्या. पहिल्या रात्री, नाहीतर पहिल्या बाळंतपणात डाग दिसला, की "फसवलंत" हा एकच शब्द. मग माहेरी आणून सोडायचं, कोर्टकचेरी करायची, लग्न रद्द करून मागायचं. आणि त्यात सगळ्यात वाईट म्हणजे मुलीलाही स्वतःला मनातून वाटतं, की हो, फसवलंच आपण.

चार दिवसांनी तिचाच फोन. "मावशी, मी त्याला सांगितलं." तिने मुलाचा नंबर भावाकडून मिळवला आणि पायाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, हे कोड आहे, पेज नाही. मी विचारलं, काय म्हणाला? "कायच नाही. दोन निळ्या रेघा आल्या. बघितलं म्हणजे." दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकरवी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

वहिनी माझ्याशी तीन महिने बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, मीच पोरीला शिकवलं. मी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. मी तर पोहे खाऊन आले होते.

त्या वर्षी मी तिला पुण्यात एका मेळाव्याला नेलं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली 'श्वेता असोसिएशन' ही संस्था कोड असलेल्यांसाठी काम करते. तुळपुळे स्वतः डॉक्टर आणि स्वतःला कोड असलेल्या. तिथे आलेली माणसं हाफ बाह्यांत, पायांत साधी चप्पल घालून मजेत गप्पा मारत होती. एक आजोबा कपाळापासून मानेपर्यंत पांढरे, त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. आमची पोरगी दारातच उभी राहिली. नंतर म्हणाली, "मावशी, इथं मला कोणीच दिसत नव्हतं. म्हणजे मी कोणालाच दिसत नव्हते." मला ते नीट कळायला परतीची सगळी वाट लागली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा चित्रपट तिला मी नंतर दाखवला. नायिका डोळ्यांची डॉक्टर, तिला कोड आहे आणि तिला पसंत करणाऱ्या मुलाच्या मोठ्या कुटुंबाला ती भेटते. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "ती डॉक्टर हाये वं मावशी. मी बारावी पास." तिचं चूक नव्हतं. मायकेल जॅक्सनने १९९३ साली साऱ्या जगासमोर मुलाखतीत सांगितलं की आपल्याला कोड आहे, तरी लोक म्हणत राहिले की तो गोरा व्हायला रंग काढून घेतो. त्याच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात ते खरं ठरलं. त्याचा तो २५ जून हा दिवस आता जगभर कोडाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. एवढ्या मोठ्या माणसाचं ऐकलं नाही, तिथे तिकोणा पेठेतल्या बारावी पास मुलीचं कोण ऐकणार?

मधे लॉकडाऊन आला. गड बंद, धरणाकाठचे तंबू बंद. पुन्हा उघडलं तेव्हा ट्रेकर पोरांची शनिवार-रविवारी झुंबड उडायला लागली. तिने गटाकडून कर्ज घेतलं आणि घराच्या ओटीवर पिठलं-भाकरी, चहा आणि कांदाभजी सुरू केली. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? कोपरावरचे डाग आता मनगटापर्यंत आलेत, लोक हिच्या हातचं खातील का? इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगितलं की हे लागत नाही, आणि शंका आली ती मलाच. पहिल्या महिन्यात एक कुटुंब ताटावरून उठून गेलंही. पैसे ठेवून गेले, म्हणजे सज्जनच म्हणायचे. तिने ते ताट उचललं, कुत्र्याला घातलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. बाकीच्यांनी मात्र खाल्लं. दमून गडावरून उतरलेल्या माणसाला पिठल्यापुढे दुसरं काही दिसत नसावं.

लग्नाचं अजून जमलेलं नाही. एक स्थळ आलं होतं, सगळं सांगूनही तयार होतं, पण त्याबद्दल त्यांना जास्तीचे पाच तोळे हवे होते. तिनेच नको म्हटलं. वहिनींना ते पटलं नाही, अजून पटत नाही. मी कुणाची बाजू घ्यावी हे मला आजही कळत नाही. आई म्हणते, "माझ्या माघारी हिला कोन?" या प्रश्नाला माझ्या रजिस्टरमध्ये उत्तर नाही.

गेल्या पावसाळ्यात गेले होते. बैठक अर्थातच आषाढात ठेवली नव्हती, तरी लावणी लांबलेली, आणि पुन्हा सगळ्या खाचरातच. दुपारी सगळ्या ओढ्यावर उतरल्या. तीही उतरली, सगळ्यांच्या मधे, दगडावर पाय घासायला लागली. पावलं आता जवळजवळ पूर्ण पांढरी झालीत. शेजारच्या खाचरात कुणाच्या तरी मुंबईच्या पाहुण्या आल्या होत्या, हौसेने लावणी करायला, मोबाईलवर फोटो काढत. त्यातल्या एकीचं लक्ष गेलं.

"अय्या, पायाला काय झालं हो हिच्या?"

वहिनी सवयीने बोलून गेल्या, "ल्हानपनी पेज सांडली बाई, तवापासनं..."

"पेज न्हाई आई," ती पाय घासता घासताच म्हणाली, "कोड हाये." आणि पुढे सरकून त्या बाईला बसायला दगडावर जागा करून दिली.